कायद्याच्या लेखी कुटुंब

पावसाळ्यात जबलपूरकरांकडे पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस भेडाघाटचा धुवाधार आणि एक दिवस बरगीचे धरण. दोन्ही एकाच दिवशी बघू म्हटले तर फसगत व्हायची शक्यता असते, कारण बरगीचे दरवाजे जास्त उघडले की खाली भेडाघाटला नर्मदा इतकी फुगते की धबधबाच पाण्याखाली जातो. तेव्हा पाहुण्यांना बरगीलाच नेतात. एकवीस दरवाज्यांतून पाणी कोसळत असते, तुषार अंगावर येतात, कणसे भाजणारे असतात, मुले खूश असतात. पाण्याकडे पाठ करून सगळे फोटो काढतात. धरणाच्या मागे, पार मंडल्याच्या दिशेने सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर पसरलेल्या पाण्याकडे फारसे कुणी पाहत नाही. त्यात पाहण्यासारखे काही दिसतही नाही. जे होते ते खाली आहे.

नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर पूर्ण झालेले हे पहिले मोठे धरण. काम सुरू झाले १९७४-७५ च्या सुमारास आणि संपले १९९० मध्ये. उंची ६९ मीटर, लांबी पाच किलोमीटरहून जास्त. १८५७ च्या लढ्यात इंग्रजांशी लढलेल्या रामगढच्या राणी अवंतीबाई लोधी यांचे नाव जलाशयाला दिलेले आहे. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतली सुमारे २६,८०० हेक्टर जमीन त्यात गेली. त्यात निम्म्याहून जास्त लोकांची खासगी शेती होती. आराखड्यात १०१ गावे बाधित होणार असे धरले होते. प्रत्यक्षात पाणी चढले तेव्हा १६२ गावांना झळ बसली आणि विस्थापितांचा आकडा सत्तर हजारांवरून एक लाख चौदा हजारांवर गेला. सरकारने वसवलेल्या काही वसाहतींतही पाणी शिरले. म्हणजे ज्यांनी सांगितले तसे घर उचलून दुसरीकडे नेले, त्यांना ते पुन्हा उचलावे लागले.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. गोंदियाहून सुटणारी नॅरोगेजची छोटी गाडी वर्षानुवर्षे नैनपूर, घनसौर, बरगी करत जबलपूरला पोचायची. जबलपुरात मराठी घरेही पुष्कळ. पण बरगीची गोष्ट शेजाऱ्याची म्हणून ऐकायची नाही. ती ऐकायची ती एका साध्या प्रश्नासाठी. सरकार घर, शेत, गाव घेते तेव्हा मोबदला ‘कुटुंबाला’ देते. हे कुटुंब म्हणजे नेमके कोण? घरात कोणाला विचारले तर तो बोटे मोजून सांगेल. कायद्याला विचारले तर उत्तर साल पाहून बदलते.

त्यासाठी एक नमुन्याचे घर डोळ्यांपुढे आणू. बुडीत पट्ट्यातल्या कोणत्याही गावात असे घर असू शकले असते. घरचा कर्ता पन्नाशीचा. त्याच्या नावावर सहा एकर जमीन. आपल्याकडे सातबारा, तिकडे खसरा. आपल्याकडे तलाठी, तिकडे पटवारी. बायको आहे. दोन मुलगे, एक चोवीस वर्षांचा आणि लग्न झालेला, दुसरा एकोणीसचा. मुलगी वीस वर्षांची, लग्नाची. विधवा बहीण माहेरी परतलेली, अंगणाच्या कोपऱ्यात तिची वेगळी चूल. जंगलाच्या कडेला दोन एकरांचा तुकडा बापजाद्यांपासून कसला जातो, पण त्याचा कागद नाही. वैशाखात जंगलातून मोहफुले आणि चारोळी येते, तेंदूची पाने येतात. मीठ, तेल, लुगडे या पैशातून निघते आणि हा हिशेब बायकांच्या हातात असतो. शिवाय एक सालगडी आहे, आपल्या बायकापोरांसह झोपडीत राहणारा. गावात काही घरे ढीमर-केवटांचीही आहेत. त्यांचे शेत म्हणजे नदी.

बरगीच्या वेळी या घराला लागू झाला तो १८९४ चा भूसंपादन कायदा. इंग्रजांनी रेल्वे, कालवे, छावण्या यांसाठी केलेला. या कायद्याला कुटुंब दिसतच नव्हते. त्याला दिसायची जमीन, आणि जमिनीच्या मागे कागदावर ज्याचे नाव असेल तो माणूस. म्हणजे आपल्या नमुन्याच्या घरातला एकच जण, कर्ता. सहा एकरांचे पैसे त्याच्या नावे, घराचे आणि बांधावरच्या झाडांचे पैसे त्याच्या नावे. बायको, मुलगे, मुलगी, बहीण, सालगडी ही माणसे कायद्याच्या नजरेत नव्हतीच. कागद नसलेला जंगलाकडेचा तुकडा सरकारचाच होता, तेव्हा सरकार सरकारला काय मोबदला देणार? मोहाच्या झाडांचेही तेच. ढीमराचे तर काही घेतलेच नाही असे कायद्याचे म्हणणे. नदी कुठे कुणाच्या नावावर असते?

बरे, मिळणारे पैसे किती? भाव ठरायचा तो अधिसूचना निघाली त्या दिवशीचा. त्या भागातल्या जमिनीचे व्यवहार कमी, आणि जे व्हायचे ते कागदावर कमी किमतीचे. मोबदला एकरी काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत पडला. सक्तीने जमीन घेतल्याबद्दल वर जी दिलासा रक्कम द्यायची ती १९८४ पर्यंत पंधरा टक्के होती, त्या वर्षीच्या दुरुस्तीने तीस टक्के झाली. भाव मान्य नसेल तर न्यायालयाकडे जायची सोय होती. पण निवाड्यानंतर मोजक्या आठवड्यांत अर्ज करायचा, आणि त्याआधी पैसे उचलताना ‘हरकत राखून घेतले’ असे नोंदवायचे. ते नोंदवले नाही तर वाट बंद. अंगठा उठवणाऱ्या गोंड शेतकऱ्याने हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकायचे? सांगणारा असतो तो पैसे वाटायला आलेल्या माणसांतलाच.

पैसे हातात पडले की पुढचा फेरा सुरू होतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एका गावाला पैसे मिळाले तर ते लोक आसपास जमीन बघतात. एकाच वेळी शेकडो गावांना पैसे मिळाले तर सगळेच आसपास जमीन बघतात. विकणाऱ्यांना हे कळते. भाव चढतो. सहा एकर गेलेल्याला त्याच पैशात दीड-दोन एकर मिळेनाशी होते. तोवर घरात रोकड पडून असते. जुने कर्ज मागायला सावकार येतो, मुलीचे लग्न उरकले जाते, कुणी सायकल घेतो, कुणी दारू पितो, कुणी देवाला जातो. या खर्चाबद्दल शहरातली माणसे फार शहाणपणाने बोलतात. शहरात कुणाला आयुष्यभराचा पगार एका दुपारी रोख हातात देऊन ‘आता सांभाळा’ म्हटले तर किती जण सांभाळतील, हा प्रश्न स्वतःला विचारून मग बोलावे. आणि या साऱ्यात बायकोच्या हातात काय आले? मोहफुलांचा हिशेब तिचा होता, तो गेला. पैसा आला तो नवऱ्याच्या हातात. सालगड्याच्या बायकोचे तर मजुरीचे शेतच नाहीसे झाले.

कित्येक घरे जबलपूरच्या झोपडपट्ट्यांत आली. पुरुष रिक्षा ओढू लागले किंवा बांधकामावर गेले, बायका विटा वाहू लागल्या, भांडी घासू लागल्या. काही जण परत जलाशयाच्या काठावर जाऊन जंगलात झोपड्या घालून राहिले आणि तिथे ‘अतिक्रमण करणारे’ ठरले. सरकारने आदर्श म्हणून दाखवलेल्या वसाहतींपैकी एक गोरखपूर. उत्तर प्रदेशातले मोठे गोरखपूर नव्हे, सिवनी जिल्ह्यातले छोटे. १९९० ते १९९२ या काळात तिथे पाच जण भुकेने मेले, असे अरुंधती रॉय यांनी १९९९ साली लिहिले. आदर्श वसाहतीत रस्ते होते, घरांच्या रांगा होत्या. पोटाला काम नव्हते.

आता वाचक विचारील, देशात दुसरा कायदा नव्हता का? होता, आणि तो आपल्याकडेच होता. कोयनेच्या वेळी महाराष्ट्रानेही हेच केले होते. गावे उचलून सोलापूर, सांगली, रत्नागिरी, कुलाबा, ठाणे अशी विखरून टाकली होती, आणि त्यातल्या अनेकांची पोरे-नातवंडे साठ वर्षांनीही हक्काच्या जमिनीसाठी धरणे धरत होती. त्या अनुभवातून, बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांना एकत्र करून चालवलेल्या चळवळींतून १९७६ साली महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. राज्याने असा कायदा करण्याची देशातली ही पहिली वेळ मानली जाते. १९८६ साली तो नव्याने आला, १९९९ साली पुन्हा नव्याने.

या कायद्यातली मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते. धरणाने ज्याची शेती बुडते आणि धरणाने ज्याची शेती भिजते, ते दोघे एकाच धरणाचे आहेत. म्हणून लाभक्षेत्रात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन असणाऱ्यांकडून थोडी जमीन घ्यायची आणि ती बुडीत क्षेत्रातल्या शेतकऱ्याला द्यायची. नव्या गावठाणात शाळा, पिण्याचे पाणी, रस्ते, वीज, चावडी, स्मशानभूमी सरकारने करून द्यायची. सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के जागा राखायच्या. कल्पना न्यायाची, पण कलमांत एक खुंटी मारलेली आहे. पर्यायी जमीन हवी असेल तर मिळालेल्या मोबदल्यातली पासष्ट टक्के रक्कम मुदतीत सरकारकडे परत भरायची. नोटिशीपासून पंचेचाळीस दिवस. ज्याने त्या पैशातून कर्ज फेडले, घर बांधायला घेतले, त्याचा हक्क तिथेच संपतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी धरणग्रस्तांची भांडणे या पासष्ट टक्क्यांवर अडलेली आहेत. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने मागायचे आणि तेही तारखेची अट घालून, हा कारकुनी हिशेब झाला. त्याला पुनर्वसन म्हणणे जड जाते.

मध्य प्रदेश विधानसभेनेही १९८५ साली परियोजनांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. बरगीचे काम तोवर दहा वर्षे चालू होते, भूसंपादन पुष्कळ पुढे गेले होते, जलाशय भरण्याची वेळ जवळ आली होती. इथल्या लोकांच्या वाट्याला आली ती आधीचीच रोख रक्कम. जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व बरगीत अमलात आले नाही.

याहून खटकणारी गोष्ट याच नदीवर घडली. १९७९ साली नर्मदा पाणी तंटा लवादाने निवाडा दिला. त्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तपशीलवार अटी आहेत. ज्याची पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाते त्याला तेवढीच जमीन, आणि ती कमी असली तरी किमान दोन हेक्टर. सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब. गाव पाण्याखाली जाण्याच्या किमान वर्षभर आधी जमीन आणि घराची जागा दाखवायची. गुजरातने १९८७ नंतर आपल्या धोरणात भूमिहीनालाही दोन हेक्टर देऊ केले. महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी भागातली ३३ गावे याच निवाड्याखाली आली, आणि त्यांच्यासाठी तळोदा तालुक्यातली वनजमीन मोकळी करण्यात आली. त्या निवाड्याची अंमलबजावणी कशी झाली ही वेगळी आणि मोठी कहाणी आहे. पण निदान भांडायला कागद होता. न्यायालयात उभे राहून ‘हे पान वाचा’ म्हणता येत होते.

बरगीला हा निवाडा लागू नव्हता, कारण तो राज्याराज्यांतल्या तंट्याचा होता आणि बरगीत बुडणारे आणि भिजणारे एकाच राज्यातले होते. म्हणजे तंटा नाही म्हणून हक्क नाही. नमुन्याचे आपले घर नर्मदेच्या काठाने काही शे किलोमीटर खाली, बडवानीच्या बाजूला असते, तर त्याला सहा एकरांच्या बदल्यात सहा एकर मागता आले असते आणि दोन्ही मुलगे वेगळी कुटुंबे धरले गेले असते. वर, मंडल्याच्या बाजूला होते, म्हणून एक पाकीट मिळाले. नदी तीच, राज्य तेच, सरकार तेच.

आणि त्या उदार निवाड्यातही वीस वर्षांची मुलगी कुठेच नाही, हेही लक्षात ठेवावे. मुलगा सज्ञान झाला की कुटुंब, मुलगी सज्ञान झाली तरी कुणाची तरी. माहेरी आलेली बहीण कर्त्यावर अवलंबून म्हणून त्याच्याच खात्यात. तिची वेगळी चूल अंगणात सगळ्या गावाला दिसायची, मोजणीदाराच्या तक्त्यात तिला रकाना नव्हता.

बरगीचे लोक मात्र स्वस्थ बसले नाहीत, आणि हा भाग सांगितला नाही तर गोष्ट अर्धी राहील. त्यांनी विस्थापितांचा संघ बांधला. मोर्चे, धरणी, पाण्यात उभे राहणे, सगळे केले. मागितले काय? गेलेली जमीन परत येणार नाही हे त्यांना कळत होते. त्यांनी पाणीच मागितले. जलाशयात मासे वाढत होते आणि ते पकडून विकण्याचा व्यवहार बाहेरच्यांच्या हाती होता. ज्यांची गावे त्या पाण्याखाली होती ते तिथे मजूर होते, नाही तर चोर. १९९४ साली दिग्विजयसिंह मुख्यमंत्री असताना राज्य सरकारने जलाशयातली मासेमारी विस्थापितांच्या सहकारी संघाकडे सोपवली. गावोगावच्या चोपन्न प्राथमिक सहकारी संस्था आणि त्यांचा एक संघ.

एका सरकारी निर्णयाने काय बदलू शकते ते इथे दिसते. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज जलाशयात सोडायचे, पावसाळ्यात माशांच्या विणीच्या दोन महिन्यांत जाळी बंद ठेवायची, एरवी पकडलेला मासा संस्थेत मोजून द्यायचा आणि भाव रोख घ्यायचा, असा हा व्यवहार. मालक, ठेकेदार, मुकादम ही उतरंड गेली. ढीमर-केवटांचे कसब होतेच. गोंड शेतकरीही होड्यांवर गेले, नांगर धरणाऱ्या हातांनी जाळी विणायला शिकले. बरगीचे पाहून होशंगाबाद जिल्ह्यातल्या तवा धरणाच्या विस्थापितांनीही तीच मागणी केली आणि १९९६ साली त्यांनाही तसा हक्क मिळाला.

दुसरी मागणी गाळपेराची. आपल्याकडे उजनी-जायकवाडीच्या काठच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. पावसाळ्यानंतर धरणातले पाणी जसजसे उतरते तसतशी काठाची जमीन उघडी पडते, गाळाने माजलेली, ओलसर. त्यावर गहू, हरभरा, मसूर चांगला येतो. पण तो वेळेवर पेरता आला पाहिजे, म्हणजे पाणी वेळेवर उतरले पाहिजे. पाणी उतरवणे हातात कुणाच्या? धरणाच्या अधिकाऱ्यांच्या. त्यांना वीज आणि कालवे सांभाळायचे असतात. पेरा उशिरा झाला तर हरभरा उन्हात करपतो, पाणी अवेळी वाढवले तर उभे पीक बुडते. म्हणून विस्थापितांनी मागणी केली की हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळी ठरावीक खुणेपर्यंत खाली आणावी आणि उघडी पडणारी जमीन ज्यांची होती त्यांनाच कसायला द्यावी. सरकारने हे तत्त्व मान्य केले. आपल्याच बुडालेल्या शेतात, वर्षातून चार-पाच महिने, सरकारच्या परवानगीने पेरणी करायची. कुणाला ही थट्टा वाटेल. ज्यांच्या घरात त्यामुळे हरभऱ्याचे पोते आले त्यांना ती वाटली नाही.

मात्र दोन्ही गोष्टी मिळाल्या त्या सरकारच्या निर्णयाने. विधानसभेच्या कायद्याने नव्हे. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. निर्णय एका मंत्रिमंडळाचा असतो, दुसरे मंत्रिमंडळ, कधी तेच मंत्रिमंडळ, तो फिरवू शकते. मासेमारीचा हक्क पाच वर्षांच्या मुदतीचा होता. मुदत सरल्यावर तो आपोआप पुढे चालू राहिला नाही, आणि पुढे जलाशयाचा कारभार राज्याच्या मत्स्य महासंघाकडे गेला. तव्याच्या संस्थांचा हक्क एकदा वाढवून मिळाला, तोही २००६ च्या अखेरीस संपला. तिथे जंगल आणि वाघांच्या संरक्षणाचे नियमही आड आले. गेलेले शेत निदान एकदा कायद्याने गेले होते. मिळालेले पाणी कायद्याने मिळालेच नव्हते, मग ते जायला कायदा लागलाही नाही.

धरणाचा फायदा झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. जबलपूरच्या नळांना पाणी मिळाले, धरणाच्या पायथ्याशी ९० मेगावॅटचे वीजघर चालते, डाव्या कालव्याने जबलपूर-नरसिंहपूरकडे शेती भिजू लागली. पण चार लाखांहून जास्त हेक्टर भिजवण्याचा जो आराखडा होता, त्याच्या मानाने धरण पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत भिजले ते फारच थोडे. कालवे मागे राहिले, उजव्या कालव्याला तर डोंगरातून बारा किलोमीटरचा बोगदा हवा होता. लाभक्षेत्रातली जमीन विस्थापितांना द्यायची म्हटली असती तरी आधी लाभक्षेत्र तयार व्हायला हवे होते. बुडवायला एक पावसाळा पुरला होता.

अखेर संसदेने २०१३ साली १८९४ चा कायदा मोडीत काढला. भूसंपादन, पुनर्वसन आणि पुनर्वसाहत यांचा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. आपले नमुन्याचे घर या कायद्यापुढे उभे केले तर ते ओळखू येणार नाही इतके बदललेले दिसते. सज्ञान व्यक्ती, मग ती बाई असो वा पुरुष, लग्न झालेली असो वा नसो, वेगळे कुटुंब. म्हणजे दोन्ही मुलगे दोन कुटुंबे. वीस वर्षांची मुलगी एक कुटुंब. विधवा, घटस्फोटिता आणि टाकलेली बाई यांचा वेगळा उल्लेखच आहे, म्हणजे अंगणातली ती दुसरी चूलही कुटुंब. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट भरणारा सालगडी बाधित. नदीवर जगणारा ढीमर बाधित. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्याला २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क मिळाला असेल तर तोही. १८९४ च्या कायद्याने एक माणूस पाहिला होता त्या अंगणात आता अर्धा डझन कुटुंबे उभी आहेत.

त्यांना मिळायचे काय तेही लिहिलेले आहे. घर. नोकरी, किंवा पाच लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार. पहिले वर्षभर दरमहा तीन हजार. सामान हलवायला पन्नास हजार. पाटबंधारे प्रकल्प असेल तर जमीन गेलेल्याला लाभक्षेत्रात किमान एक एकर, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला गेली तेवढी किंवा अडीच एकर, यातली जी कमी असेल ती. म्हणजे आपल्या गोंड घराला सहाच्या बदल्यात अडीच एकर. लवादाने १९७९ साली खालच्या अंगाला सहाच्या सहा दिली असती. नव्या कायद्याने माणसे जास्त मोजली आणि जमीन कमी केली.

आणि हे सगळे २०१४ नंतर ज्यांची जमीन घेतली जाईल त्यांच्यासाठी. बरगीचे निवाडे कधीच बंद झालेले आहेत.

या नव्या कायद्यात एकोणचाळिसावे कलम आहे. एकदा उठवलेल्या कुटुंबाला जिल्हाधिकाऱ्याने शक्यतो पुन्हा उठवू नये, आणि उठवावेच लागले तर नेहमीच्या मोबदल्याइतकाच आणखी मोबदला द्यावा, असे ते सांगते. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणती गावे होती हे ठाऊक नाही, पण बरगीच्या काठावर ते वाचणारे पुष्कळ आहेत. मंडला जिल्ह्यात जलाशयाच्या कडेला चुटका, टाटीघाट आणि कुंडा ही गावे आहेत. बरगीच्या पाण्याने जमिनी गेल्यावर लोक वर सरकून तिथे राहिले. २००९ साली चुटक्याला १४०० मेगावॅटच्या अणुवीज केंद्रासाठी तत्त्वतः मान्यता मिळाली. अणुभट्टीला थंड करायला भरपूर पाणी लागते, आणि पाणी तिथे आहे, कारण गावे बुडालेली आहेत. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. मंडला हा पाचव्या अनुसूचीतला आदिवासी जिल्हा असल्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावे लागते. २०१३ साली पर्यावरणाची जनसुनावणी लोकांच्या विरोधामुळे दोनदा पुढे गेली, ती फेब्रुवारी २०१४ मध्ये कडेकोट पोलीस बंदोबस्तात उरकण्यात आली.

त्या सुनावणीच्या दीड महिना आधीच एकोणचाळिसावे कलम अमलात आलेले होते. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द किती लवचीक आहे, ते चुटक्याच्या लोकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.